पितृपक्षात थांबलेल्या गाड्या

गणपती गेले की आमच्याकडची हवा थबकते. पाऊस संपलेला नसतो, नुसता दबा धरून बसलेला असतो. दुपारी डोंगराच्या बाजूने ढग येतात, इमारतींच्या डोक्यावर उभे राहतात आणि न पडताच काळे होत जातात. रोडपालीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर केळीची पानं दिसू लागतात. पानावर भात, उडदाचा वडा, खीर, अळूची भाजी. कावळ्यांना या दिवसांत इतकी आमंत्रणं असतात की ते कठड्यावर बसून नुसते बघत राहतात. खाली कोणीतरी त्यांची विनवणी करत असतं आणि दूर लोखंड बाजारात ट्रेलरवरून पत्रे उतरत असतात. त्या पत्र्यांचा आवाज ढगांच्या गडगडण्यासारखाच असतो. आकाशाकडे बघायचं की नाही, हे लहानपणापासून मला कधी नीट ठरवता आलेलं नाही.

पितृपक्ष म्हटलं की लोकांना वडे आठवतात. मला गाड्या आठवतात. चार वर्षांपूर्वीच्या पितृपक्षातल्या, एका गोडाऊनमध्ये थांबलेल्या गाड्या.

कळंबोलीच्या लोखंड बाजारामागच्या एका गल्लीत रूपेशचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याचं मोठं गोडाऊन. साध्या गाड्या तिथे आत जायच्या आणि वेगळ्याच होऊन बाहेर यायच्या: जमिनीला टेकतील इतक्या बसक्या, रुंद टायरच्या, काळ्या काचांच्या. सायलेन्सर असे की गाडी उभी असतानाही घसा खाकरत असल्यासारखी वाटायची. मागच्या काचेवर बहुतेकांच्या ‘आईचा आशीर्वाद’. गाडी तयार झाली की तिचे फोटो काढायचं काम माझं. माझा मोठा भाऊ मयूर, म्हणजे दादा, रूपेशचा मित्र होता म्हणून ते काम मला मिळालं होतं. दादा तिथे असायचा म्हणूनच आई मला तिथे जाऊ द्यायची.

मी बोलणारी नाही. घरात सगळे आगरी बोलतात. मी इंग्रजी शाळेत गेले, त्यामुळे ती बोली मला पूर्ण कळते, पण माझ्या तोंडून ती कोणाची तरी नक्कल केल्यासारखी येते. शाळेतली मराठी बोलले तर नातेवाईक म्हणतात, ‘बाय आता बातम्या देनार.’ या दोन्हीपेक्षा गप्प राहणं सोपं. आणि गाडीच्या फोटोत माणूस नसतो, हे मला त्या कामातलं सगळ्यात आवडायचं.

गाडीचा फोटो काढणं म्हणजे आरशाचा फोटो काढणं. फ्लॅश सरळ गाडीवर मारला तर रंगाला पांढरं भोक पडल्यासारखं दिसतं, आणि त्या भोकाशेजारी मी, रूपेशचं पोट, अर्धवट ओढलेलं शटर, सगळं त्या दारावर चिकटलेलं असतं. फ्लॅश छताकडे वळवला तर पत्र्याच्या पन्हाळ्या बॉनेटवर उतरतात आणि गाडीच्या फासळ्या निघाल्यासारख्या वाटतात. म्हणून आम्ही गाडीच्या वर मांडवाचं पांढरं कापड ताणून बांधायचो. गणपतीचे मांडव उतरलेले असतात, नवरात्राचे चढायचे असतात. पितृपक्षात लग्न नाही की मुंज नाही, त्यामुळे मांडववाला कापड असंच देऊन टाकायचा. फ्लॅश जमिनीवर ठेवून त्या कापडाकडे तोंड करायचा. कापड उजळतं, आणि गाडी त्या उजळलेल्या कापडाकडे बघते. गाडीवर उजेड टाकायचा नसतो, गाडीला उजेड दाखवायचा असतो, असं मी स्वतःला सांगायचे. मग कापडाची कड गाडीच्या अंगावर एका रेघेसारखी उमटते, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत. ती रेघ एका दमात काढल्यासारखी आली की फोटो झाला.

मी काळे कपडे घालून जायचे, म्हणजे गाडीच्या दारात माझं प्रतिबिंब पडत नाही. आई दाराशी अडवायची. ‘या दिसांत काले कपडे नको घालूस गं. कोन कोन फिरत असतं.’

‘गाडीत दिसू नये म्हणून घालते, आई.’

‘कोनाला दिसू नये?’

मी चपला घालून निघायचे.

पितृपक्षात कोणी नवी गाडी घेत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण रूपेशकडे त्याचा एक कडक नियम होता, आणि तो गिऱ्हाइकांनीच घातलेला होता. तयार गाडीचं चाकसुद्धा उंबऱ्याबाहेर जायचं नाही. चाक बाहेर गेलं म्हणजे गाडी पितरांत निघाली, मग ती परत आत आणली तरी उपयोग नाही. त्यामुळे त्या पंधरवड्यात तयार झालेल्या गाड्या कोणी रस्त्यावर चालवूनही बघायचं नाही. त्या आतच थांबायच्या, एकमेकींना खेटून, डोक्यावरून चादर ओढून झोपलेल्या माणसांसारख्या. घटस्थापनेला सकाळी शटर वर जायचं, नारळ फुटायचे, चाकाखाली लिंबं चिरडायची आणि सगळ्या एकदम बाहेर पडायच्या. बऱ्याच जणांचा पहिला फेरा ठरलेला असायचा. घरच्यांना घेऊन, घाट चढून, कार्ल्याच्या एकवीराआईला.

शटर खाली ओढलं की आत भरदुपारी अंधार व्हायचा. रंगाचा, रबराचा, ओल्या पत्र्याचा वास. फ्लॅश पुन्हा भरताना जी बारीक शीळ घालतो, ती त्या अंधारात डासासारखी कानाशी येई. मग लख्ख. क्षणभर सगळ्या गाड्या डोळे उघडायच्या आणि मिटायच्या. त्या उघड्या क्षणात मला दरवेळी वाटायचं की मघाशी होत्या त्यापेक्षा एक गाडी जास्त आहे.

त्या वर्षी त्यांत एक गाडी दादाची होती.

जुनी सेडान, सेकंडहँड. ‘पुण्याच्या डॉक्टरची हाय, एकहाती,’ दादा सगळ्यांना सांगायचा. विकायला आलेली प्रत्येक गाडी डॉक्टरचीच असते, असं वहिनी हळूच म्हणाली होती. स्नेहल वहिनी तेव्हा आमच्या घरात नवीन होती, ठाण्याच्या नोकरदार घरातली. तिच्या विनोदांना आमच्याकडे कोणी हसत नसे. घटस्थापनेला नव्या गाडीतून आई, दादा, वहिनी आणि मी कार्ल्याला जायचं, नव्या नवरीच्या हातून देवीची ओटी भरायची, असं आईने बाबांच्या तिथीच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. बाबांना जाऊन तेव्हा फार काळ झाला नव्हता. दादाला ती गाडी त्यांच्या पाटाशेजारी उभी करता आली असती तर त्याने केली असती.

रूपेशने तिला गर्द मरून रंग दिला होता. इतका खोल की हात बुडेल. मी कापड ताणलं, फ्लॅश लावला आणि पहिला फोटो काढला. रेघ दिव्यापासून निघाली आणि डाव्या पुढच्या चाकाच्या वर थरथरली. पाण्यात पडलेल्या दोरीसारखी. मग दारापाशी पुन्हा सरळ झाली.

‘कापडाला सल पडलाय मॅडम,’ रूपेश मागून म्हणाला. मी त्याच्या मित्राची धाकटी बहीण, पण तो मला मॅडमच म्हणायचा आणि म्हणताना हसायचा.

मी कापड ओढून ताणलं. फ्लॅश हलवला. कापड उलटं करून बांधलं. रेघ तिथेच थरथरली. मग त्याच कापडाखाली शेजारच्या पांढऱ्या गाडीचा फोटो घेतला. तिच्यावर रेघ सरळ.

मला गाड्यांतलं काही कळत नाही. तेव्हा कळत नव्हतं, आताही नाही. मला फक्त ती रेघ कळत होती. पण मी वाकून बघितलं तर बॉनेट आणि चाकावरच्या पत्र्यामधली फट उजव्या बाजूला नखाएवढी होती आणि डाव्या बाजूला तिच्यात माझं बोट गेलं.

‘दादा, इथे काहीतरी झालेलं आहे.’

दादाने कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं घातलं. ‘कुठं? मना तं एकदम कडक दिसतेय.’

‘ही रेघ बघ.’

‘मग कर ना इस्त्री कॉम्प्युटरवर. तुमचा तोच तर धंदा हाय.’

‘फोटोला करीन. गाडीला कोण करणार?’

हे मी म्हटलं आणि माझ्याच कानांना ते मोठं वाटलं. रूपेश हसायचा थांबला. ‘थोडी पुट्टी भरलेली असेल, मॅडम. जुन्या गाडीला पुट्टी नाय तर काय हलद लावनार? चालली की सगलं सेट होतं.’

‘मग चालवून बघा.’

‘पितृपक्षात?’ दादा आणि तो दोघेही हसले. मी खालून बघायचं म्हटलं, तर गाडी इतकी बसवलेली की खाली जेमतेम माझा हात जाई. रूपेशने मोबाईलची बत्ती आत धरून दाखवली. खाली सगळीकडे गंज लागू नये म्हणून मारलेलं काळं कोटिंग. जाड, ओलसर, नवंकोरं. त्याच्यामागे काय आहे ते गाडीलाच ठाऊक.

त्या रात्रींचं मला फारसं आठवत नाही. दिवस मात्र लख्ख आठवतात. लॅपटॉपवर तो फोटो उघडा असायचा आणि मी रेघ सरळ करायला बसायचे. ते अवघड नसतं. चांगला तुकडा उचलायचा, वाईटावर ठेवायचा, कडा पुसायच्या. हात तिथे गेला की बोटं आखडायची. स्वयंपाकघरातून खिरीचा वास यायचा. वेलची, नारळ, तूप. बाबांना आवडायची ती खीर. बाहेर ढग तसाच. रस्त्यावरून कुठलीशी गाडी करकचून ब्रेक दाबायची आणि मी उठून खिडकीशी जायचे. काही झालेलं नसायचं. आई म्हणायची, ‘तुजं काय चाललंय? घोस्टासारखी फिरतेस घरात.’ घोस्ट हा शब्द ती माझ्यासाठी वापरायची, माझ्या शाळेला मान म्हणून.

सगळे त्या पंधरवड्याला भीत होते. आईने केस धुवायचे वार बदलले होते, वहिनीला नवी साडी नेसू दिली नव्हती, आणि तयार गाड्या चादरीखाली गप्प उभ्या होत्या. पंधरवडा संपायची वाट बघत होते सगळे, कारण त्यानंतर सगळं शुभ. मला त्या शुभ सकाळची भीती वाटत होती. पंधरवडाभर ती गाडी कोणाला काहीच करू शकत नव्हती.

सर्वपित्रीच्या दिवशी पानं वाढली होती. मी पानावर बसल्या बसल्या दादाला म्हटलं, ‘मी उद्या त्या गाडीत बसणार नाही. आईलाही बसू देणार नाही. वहिनीलाही नाही. आधी आज ती रिकामी चालवून बघ.’

आईचा हात वाढता वाढता थांबला. ‘अमावास्येला? पितरांचं पान समोर हाय, आनि तू काय बोलतेस?’

‘येडी झालीस काय?’ दादा म्हणाला.

मी पानावरून उठले नाही आणि जेवलेही नाही. आमच्याकडे अमावास्येच्या पानावर उपाशी बसणं म्हणजे पितरांना उपाशी पाठवणं. हे मला माहीत होतं. दादाने शेवटी ताट सरकवलं. ‘चल. फेडतो तुजी हौस. मग उद्या पुढच्या सीटवर बसायचं, आनि एक शब्द नाय काढायचा.’

रूपेश शटर उघडायला तयार नव्हता. दादाने स्वतः उघडलं. ट्रक टर्मिनलमागे काँक्रीटचा एक रुंद रस्ता आहे, तिथे ट्रेलर वळतात. अमावास्येमुळे कामं सुस्त होती. कडेला लोखंडी सळया भरलेले ट्रेलर ओळीने उभे होते, सळयांची टोकं मागे लांब बाहेर आलेली आणि त्यांना लाल फडकी बांधलेली. वारा नव्हता, तरी एक फडकं हलत होतं.

दादाने गाडी पळवली, ब्रेक मारला. गाडी शहाण्यासारखी थांबली. पुन्हा पळवली, पुन्हा थांबली. त्याने काच खाली करून डोकं बाहेर काढलं. ‘काय बाय? रेघ दिसली काय?’ त्याला हसताना बघून मला हलकं वाटलं. खरंच वाटलं. आपण चुकलो हे इतकं बरं वाटू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

तिसऱ्यांदा तो लांबून आला. ब्रेक लागला तेव्हा आवाज झाला, वाळकी फांदी मोडल्यासारखा, मोठा नाही. डावं चाक आत दुमडलं. गाडीचं नाक जमिनीत घुसलं आणि ती तिरकी घसरत ट्रेलरच्या मागे गेली. थांबली तेव्हा सळयांची टोकं पुढच्या काचेपासून हातभर होती.

सायलेन्सर खाकरतच होता. दादा आत बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि त्याला दार उघडायचं सुचत नव्हतं. मी उघडलं. तो म्हणाला, ‘बंद कर. गाडी बंद कर.’ किल्ली त्याच्याच गुडघ्यापाशी होती.

ट्रकवाले जमले. त्यांतला एक म्हणाला, ‘आज अमावस है भाई, काहे निकाला?’ रूपेश पळत आला. वाकडी झालेली गाडी आता एका बाजूने उघडी पडली होती आणि खालचं काळं कोटिंग फाटलं होतं. आतला जोड सुटलेला दिसत होता, कधीतरी तुटलेला आणि पुन्हा वेल्डिंग केलेला. त्याची थोडीच कड चकचकीत होती. बाकी सगळी जुन्या गंजाने तपकिरी झालेली. म्हणजे ते आज तुटलं नव्हतं. कधीपासून तुटत होतं. दादाने बघितलं, रूपेशने बघितलं, मी बघितलं.

रूपेश म्हणाला, ‘बोललो होतो ना मयूरशेठ? अमावास्या हाय.’

आणि दादा त्या गंजाकडे बघतच म्हणाला, ‘नाय काढायला पायजे होती आज.’

घरी तेच सांगितलं गेलं. आईने माझी दृष्ट काढली, मग दादाची, मग उरलेलं मीठ पुन्हा माझ्यावरून. चिरनेरला, आईच्या माहेरी, ती गोष्ट आमच्या आधी पोचली. अजूनही एखाद्या हळदीला गेले की मामी कोणाला तरी माझी ओळख करून देते, ‘हीच ती. हिनं अमावास्येला गाडी काढायला लावली.’ सगळे हसतात, मीही हसते. जे घडलं नाही, ते कोणाला दाखवणार? घाटातलं ते वळण, आम्ही चौघं, आईच्या मांडीवर ओटीचा नारळ, हे फक्त मी बघितलेलं आहे. त्याचा फोटो नाही.

पण एक गोष्ट मला तेव्हा दिसली नाही, ती आता वरचेवर दिसते. मी म्हटलं होतं, रिकामी चालवून बघ. रिकामी गाडी चालत नाही. चालवायला कोणीतरी आत बसावंच लागतं. फडकं बांधलेल्या त्या सळयांसमोर माझा भाऊ बसला होता, आणि मी त्या गाडीला रिकामी म्हणाले होते.

मी आता दुसऱ्या गॅरेजांचं काम करते, गाडी चालवायलाही शिकले. रूपेश बोलवत नाही. त्याचा माझ्यावर राग नाही, तो मला भितो. या वर्षी पुन्हा भाद्रपद आला आहे. ढग डोंगरावरून येऊन उभे राहिले आहेत, मांडवाची कापडं मोकळी आहेत, आणि दादाची नवी गाडी त्याच गोडाऊनमध्ये चादरीखाली थांबली आहे. ही मोठी आहे, उंच केलेली, काळी. सेकंडहँड. ‘यावेली फोटो तू नको काढूस,’ दादा मला म्हणाला. रागाने नाही, समजुतीने बोलला. ‘आईला टेन्शन येतं.’ दुसऱ्या कोणीतरी काढलेले फोटो त्याने घरच्या ग्रुपवर टाकले. खाली मामीचे हात जोडलेले, काकांचे अंगठे. मी फोटो मोठा करून बघितला. रेघ दिव्यापासून दिव्यापर्यंत सरळ होती. गाडीच तशी असेल. किंवा कोणाचा तरी हात माझ्यासारखा आखडला नसेल.

आज सर्वपित्री. दादा कामावर गेला होता, घटस्थापनेला सुट्टी घ्यायची म्हणून आज जास्त वेळ थांबणार. आई पान घेऊन गच्चीवर गेली. दादा-वहिनीचं बाळ जमिनीवर बसून वाटी आपटत होतं. दीड वर्षाचं आहे आता. वहिनी वडे तळत होती आणि तिने गॅस बंद केला.

‘मानसी, फोटो बघितलास?’

‘हो.’

‘उद्या ह्याला घेऊन बसू का मी त्या गाडीत?’

मला वाटत होतं, आमच्या घरात तो गंज मानणारी मी एकटीच आहे. ‘फोटोवरून सांगता येत नाही, वहिनी.’

‘मग कशावरून येतं?’

तिला उत्तर माहीत होतं. तिने विचारलं, ‘चालवणार कोण?’

‘मी.’

‘आणि मी काय करू?’

‘बाळाला आईकडे ठेव. माझ्याबरोबर ये आणि बाहेर उभी राहा. चाकांकडे बघत राहा. काहीही दिसलं तर ओरड.’

तिने हात धुतले, ओढणीला पुसले. दुसरी किल्ली दादाने गाडी घेतली त्या दिवसापासून देवघरात, ताम्हनात ठेवली होती, आणि आईने तिच्यावर रोज कुंकू वाहिलं होतं. उद्या सकाळपर्यंत तिला कोणी हात लावायचा नव्हता. वहिनी वाकली आणि तिने किल्ली उचलली. ताम्हनभर कुंकू होतं, फक्त मध्ये किल्लीच्या आकाराची उघडी जागा राहिली. ती बुजवायला तिने बोट पुढे केलं आणि तसंच मागे घेतलं.

जिन्यात आईच्या चपला वाजायला लागल्या.